जव्हारच्या प्रदर्शनाचं मागचं दार

"रुपीला नको आणू," जीपच्या मागच्या पायरीवर उभा असलेला मंगेश म्हणाला. "ती घाटात ओकते."

"मी नाय ओकणार," रुपी म्हणाली.

"मागच्या वेळी माझ्या चपलेवर ओकलीस."

"तुझी चप्पल तिथं होती म्हणून."

सूर्यमाळच्या फाट्यावर जीप आली तीच भरून. आतल्या बायांच्या मांडीवर काकडीच्या पाट्या होत्या आणि टपावर एक बोकड बांधलेला होता. बाळीने धाकट्या बहिणीला उचलून दोन पाट्यांच्या मध्ये बसवलं आणि स्वतः मंगेशशेजारी दांड्याला धरून उभी राहिली.

"ती येणार," ती म्हणाली. "तिचाही बाप आहे."

जीप निघाली.

बाळी मोखाड्याच्या आश्रमशाळेत सातवीला होती, मंगेश तिच्या पुढे आठवीला. दोघांची घरं पाड्यावर एकमेकांना लागून. दिवाळीच्या सुट्टीसाठी शाळा सुटायच्या दिवशी त्यांच्या गौतम सरांनी मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली होती. मुंबईच्या एका संग्रहालयाने जव्हारला 'डोंगर आणि माणसं' नावाचं प्रदर्शन भरवलं आहे, त्यात जुनी भांडी आहेत, वाद्यं आहेत, मुखवटे आहेत आणि इथल्या माणसांचे मोठमोठे फोटो आहेत. वाचता वाचता सर थांबले. "सूर्यमाळ येथील जिवा झुगरे यांचे छायाचित्र लक्ष वेधून घेते," त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा हळू वाचलं आणि बाळीकडे बघितलं. "बाळी, जिवा झुगरे म्हणजे तुझे वडील ना गं?"

बाळीचे वडील ती लहान असताना वसईकडे वीटभट्टीवर कामाला गेले आणि तिकडेच तापाने गेले. रुपी तेव्हा आईच्या पोटात होती. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. आधार कार्ड होतं, पण एका पावसाळ्यात छपराचं पाणी पेटीत शिरलं आणि कार्डावर चेहऱ्याच्या जागी नुसता शाईचा डाग राहिला. आई ते कार्ड तरीही जपून ठेवायची. डाग कोणाला दाखवायची नाही एवढंच.

बाळीने बातमी सांगितली तेव्हा आई खळ्यावर भात झोडत होती. तिने हातातली पेंढी खाली ठेवली.

"मला खळं सोडता येत नाय," ती म्हणाली. "तू जा. रुपीला घेऊन जा, तिने तर बघितलाच नाय." मग दुसरीकडे बघत ती म्हणाली, "मला आता त्याचं तोंड नीट आठवत नाय, बाळे. नाक आठवाया जाते तर डोळे जातात. तू नीट बघून ये. मला येऊन सांग."

आपल्या आईला असंही काही विसरता येतं हे बाळीला तोवर माहीत नव्हतं. तिला त्या रात्री भाकरी गेली नाही.

आणि आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता.

मोखाड्याला जीप बदलून ती तिघं जव्हारला उतरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सभागृह स्टँडपासून लांब नव्हतं, पण ते शोधावं लागलंच नाही. रांगेचं शेपूटच त्यांना स्टँडच्या कोपऱ्यावर भेटलं.

"ही लाइन कशाची?" मंगेशने एका काकांना विचारलं.

"प्रदर्शनाची."

"प्रदर्शन तर तिकडं वर आहे."

"म्हणून तर लाइन आहे," काका म्हणाले.

रांग रस्त्याच्या कडेने वर चढत गेली होती. लोक कानाकोपऱ्यातून आले होते. कोणी दाभोश्याचे, कोणी पार विक्रमगडकडचे. कोणाच्या आजोबांचा फोटो आत होता, कोणाच्या गावचा फुंकून वाजवायचा तारपा. बायकांनी पोरांना कडेवर घेतलं होतं, म्हातारी माणसं जागच्या जागी बसत होती आणि रांग हलली की हात टेकून उठत होती. पण रांग फारशी हलतच नव्हती. मधूनच एखादी पांढरी गाडी यायची, छातीवर बिल्ले लावलेले स्वयंसेवक धावायचे, गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना थेट दारातून आत न्यायचे. मग एका शाळेची गणवेशातली पोरं आली. त्यांचे सर बिल्लेवाल्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि ती सगळी पोरंही पुढून आत गेली.

"आपण पण गणवेश घालून यायला पाहिजे होतं," मंगेश म्हणाला.

"आपले सर कुठं आहेत कानात बोलायला?" बाळी म्हणाली.

"मी बोलतो. माझी उंची पुरते."

रुपी हसली, पण नंतर तिला तहान लागली, मग लघवीला लागली, मग पुन्हा तहान लागली. प्रत्येक वेळी एकाने जागा धरायची आणि एकाने तिला न्यायचं. ऊन डोक्यावरून पुढे सरकलं. रांगेतल्या एक-दोन म्हाताऱ्या कंटाळून परत गेल्या. बाळीला परत जायची सोय नव्हती. ती मनातल्या मनात आईचे शब्द घोळवत होती. नाक, डोळे, तोंड. नीट बघून ये.

त्यांच्या मागे जव्हारचीच एक मुलगी उभी होती. तिचं नाव मदीना. तिच्या अब्बांचं, इदरीसभाईंचं, बाजारात वेल्डिंगचं दुकान होतं. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला प्रदर्शन बघायचं होतं.

"मी काल पण आले होते," तिने सांगितलं. "अगदी दारापर्यंत पोचले आणि त्यांनी बंद केलं. उद्या या म्हणाले."

"आज आपण नक्की जाऊ," मंगेश म्हणाला.

"काल पण एक मुलगा हेच म्हणत होता."

शेवटी सभागृहाचं दार दिसू लागलं. दारात बांबूचे कठडे लावले होते आणि शिट्टी वाजली की घोळक्याने माणसं आत सोडत होते. आत मोठा पंखा घरघरत होता. रुपी कठड्याच्या खालच्या बांबूवर चढून बघत राहिली. एका लहान मुलाच्या हातात लाल फुगा होता, त्याच्यावर तिची नजर होती. तो मुलगा आईबरोबर आत गेला. नंतर बराच वेळ गेला, दोन वेळा शिट्टी वाजली, तरी रुपी तिथंच डोळे लावून होती.

"फुगा अजून आला नाय," ती म्हणाली.

"तो दुसरीकडून गेला असेल," मंगेश म्हणाला. "आत इकडून जायचं, बाहेर तिकडून."

"तिकडून कुठून?"

मंगेशला ते माहीत नव्हतं. मदीनाला होतं. "मागे दार आहे. बाहेरच्या बाजूला उघडतं. अब्बांनीच बसवलंय ते." तिने हात लांब करून दाखवलं. सभागृहाला वळसा घालून येणारी एक गल्ली रसवंतीच्या गाड्याजवळ रस्त्याला मिळत होती. "तिकडून आलं की माणूस इथंच निघणार. दुसरी वाट नाही."

चौघांनी गल्लीकडे बघितलं. गल्लीतून एक कुत्रं बाहेर आलं आणि गाड्याखाली जाऊन बसलं. दुसरं कोणी आलं नाही. पुन्हा शिट्टी वाजली, पुन्हा माणसं आत गेली, पुन्हा गल्ली रिकामीच.

"इतकी माणसं आत मावतील कशी?" मदीना हळूच म्हणाली.

बाळीला हे ऐकायचं नव्हतं. त्यांच्या पुढे आता थोडीच माणसं राहिली होती. "आत मोठी माणसं आहेत," ती म्हणाली. "ती बघतील ना. आपण कशाला?"

तेवढ्यात दारात गडबड झाली. आतून एक माणूस उलटा बाहेर येऊ बघत होता. त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. "बाहेर सोडा हो, आत जीव जातोय," असं काहीतरी तो म्हणत होता. बिल्लेवाल्याने त्याच्या छातीला हात लावून त्याला आत ढकललं. "इथून बाहेर नाही. बाहेर जायचं दार मागे आहे." तो माणूस आणखी काही बोलला, पण तोवर रांगेतले लोक पुढे रेटले आणि तो दिसेनासा झाला.

तिने मंगेशचा दंड धरला. "तू रुपीला घेऊन जागा धर. मी आणि मदीना मागचं दार बघून पळत येतो. शिट्टी वाजली तरी आत जाऊ नको, मागच्यांना पुढे जाऊ दे."

"लवकर या," मंगेश म्हणाला. एरवी त्याने या सांगण्यावर काहीतरी विनोद केला असता.

दोघी गल्लीतून पळाल्या. सभागृहाच्या मागे मोकळं मैदान होतं आणि तिथं संध्याकाळच्या समारोपासाठी नुकतंच स्टेज बांधलं होतं. लोखंडी पाइपांवर फळ्या, वर गालिचा आणि माइक, मागे भिंतीला लावून प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांचा हात जोडलेला मोठा फलक. कोपऱ्यातला स्पीकर कानठळ्या बसतील अशी गाणी वाजवत होता. माणूस एकही नव्हता. मांडववाले जेवायला गेले असावेत.

"दार कुठाय?" बाळीने विचारलं.

मदीना गोंधळून भिंतीकडे बघत राहिली. "इथंच होतं," ती म्हणाली. मग ती स्टेजवर चढली आणि तिने फलकाची एक बाजू ओढून आत डोकावून बघितलं. तिने झटकन मान वळवली. "दार याच्या मागे आहे. स्टेज दाराला चिकटवून बांधलंय. दार उघडणारच नाही."

बाळीने फलकाआड जाऊन दाराच्या पत्र्यावर तळहात टेकला. पत्रा थरथरत होता. आतून लोक दार बडवत होते. गाण्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू जात नव्हतं.

दोघींनी स्टेजला खांदा लावून रेटून बघितलं. ते जागचं हललं नाही. मग त्या धावत सुटल्या, कोणीतरी मोठं माणूस शोधायला.

पहिला भेटला तो बिल्लेवाला. "लाइनीत जा," तो म्हणाला. बाळीने पुन्हा सांगितलं, दार बंद आहे, माणसं अडकली आहेत. तो म्हणाला, "दार चालू आहे. मला सकाळीच सांगितलंय." रस्त्यावर एक हवालदार गाड्या काढून देत होते. त्यांनी ऐकून तरी घेतलं. "ते समितीला सांगा," ते म्हणाले आणि पुढच्या टेम्पोला हात केला. समितीचे अध्यक्ष बाजूच्या तंबूत पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. ते फलकावर होते तितके हसरे दिसत नव्हते.

"साहेब, मागचं दार," मदीना म्हणाली.

"बाळ, पाहुणे बसलेत ना," अध्यक्ष म्हणाले. "ती व्यवस्था स्वयंसेवकांकडे आहे. त्यांना सांगा."

"त्यांना सांगितलं. त्यांना वाटतं दार उघडं आहे."

"मग उघडंच असणार." त्यांनी एका पोरीकडून दुसऱ्या पोरीकडे बघितलं आणि कोणाला तरी खूण केली. एका बिल्लेवाल्याने दोघींना खांद्याला धरून तंबूबाहेर आणून सोडलं.

बाळी तिथं उन्हात उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिने दाबून धरलं होतं. आपण बोलतो ते यांना ऐकू येत नाही का? आपलं मराठी चुकतं का? शाळेत तिचं बोलणं ऐकून कोणी हसलं की ती गप्प बसायची. पण मदीनाचं बोलणं तर शहरातलं होतं, तेही कोणी ऐकलं नव्हतं.

"मंगेशला घेऊन येऊ," ती म्हणाली.

पण रांगेत मंगेश नव्हता. रुपीही नव्हती. त्यांच्या जागी पिवळ्या साडीतली एक बाई उभी होती. "ते पोरगं आणि छोटी मुलगी ना?" ती म्हणाली. "गेली आत. मागून असा लोंढा आला, ती दोघं उचललीच गेली. पोरगं नको नको म्हणत होतं बिचारं."

बाळी दाराकडे धावली. कठड्याशी माणसांची भिंत झाली होती. तिने कोपरं मारली, ती खाली वाकून घुसू बघत होती, पण कोणीतरी तिला मागे खेचलं आणि "लहान पोरांनो, ढकलू नका" असं वरून ऐकवलं. ती "रुपी" म्हणून ओरडली. आतून शेकडो आवाज एकदम येत होते, त्यांत रुपीचा कुठला ते कळणं शक्य नव्हतं. आईने तिला बापाला बघायला पाठवलं होतं, आणि ती रुपीला हरवून बसली होती.

"बाळी," मदीना तिला हलवत म्हणाली. "हे लोक पुढून रेटताहेत तोवर आतला कोणी बाहेर येऊ शकत नाही. यांना इथून हटवायला पाहिजे. कसं हटवणार?"

कसं हटवणार? आश्रमशाळेत पोरं काही केल्या खेळाच्या मैदानावरून हटत नसत, सर ओरडले तरी नाही. हटायची ती एकाच गोष्टीने.

"जेवणाने," बाळी म्हणाली. "स्टेजवर माइक आहे. चल."

त्या पुन्हा गल्लीतून धावल्या. स्टेजवरच्या माइकचा दिवा लागलेला होता. मदीनाने खाली उडी मारून गाण्याच्या डब्याची वायर उपटली. गाणं बंद झालं आणि एकदम सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत फलकाच्या मागून दार बडवल्याचा आवाज स्पष्ट आला.

बाळीने माइक हातात घेतला. अडकलेत, मरताहेत असं काही बोललं तर लोक घाबरून आणखी धावाधाव करतील हे तिला कळत होतं. सकाळपासून रांगेत स्पीकरवरून ज्या माणसाच्या सूचना ऐकू येत होत्या त्याचा सूर तिने आठवला.

"सर्व रसिक बंधू-भगिनींना विनंती," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मान्यवर पाहुण्यांच्या हस्ते सर्वांना वडापाव आणि चहाचं वाटप मागच्या मैदानात चालू होत आहे. रांगेतल्यांनी सावकाश यावं. भरपूर वडे आहेत. लहान मुलांना दोन मिळतील. पुन्हा एकदा सांगते, मागच्या मैदानात."

क्षणभर काही झालं नाही. मग गल्लीतून पहिला माणूस आला, मग पाच-सहा, मग सगळी गल्ली भरून माणसं येऊ लागली. तासन्‌तास उन्हात उभी राहिलेली, उपाशी माणसं ती. त्यांच्याकडे बघून बाळीला स्वतःचीच लाज वाटली. पण पुढच्या दाराशी आता कोणी रेटत नव्हतं. मदीना कोपऱ्यावर जाऊन बघून आली आणि तिने लांबूनच हात उंच केला. आतली माणसं पुढून बाहेर पडू लागली होती.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अध्यक्ष आले. त्यांच्यामागे बिल्लेवाले आणि हवालदार.

"कोणी सांगितलं वडे आहेत म्हणून?" अध्यक्षांनी विचारलं. ते रागाने लाल झाले होते. "कोणाची पोरगी आहे ही? दे तो माइक."

बाळीने माइक दिला. तिने दुसऱ्या हाताने फलकाचं टोक धरलं आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं. सुतळ्या तुटल्या, अध्यक्षांचा हात जोडलेला चेहरा सुरकुतत खाली आला. मागे लोखंडी दार होतं. आतून कोणीतरी ते बडवत होतं. वरच्या फटीतून चार बोटं बाहेर आली होती.

"वडे नाहीत," बाळी म्हणाली. "माझी बहीण आत आहे. हे उचला."

अध्यक्ष माइक हातात धरून दाराकडे बघत राहिले. पण समोरच्या गर्दीतला एक धिप्पाड माणूस पुढे आला आणि त्याने पाइपाला हात घातला. मग दुसरा आला, तिसरा आला. हवालदारांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि खांदा दिला. वड्यांसाठी आलेल्या माणसांनी ते अख्खं स्टेज गालिच्यासकट उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं.

दार उघडलं. आतून आधी गरम वाफेसारखी हवा आली आणि मग माणसं. काही चालत आली, काहींना धरून आणावं लागलं. दोन म्हाताऱ्यांना चक्कर आली होती, त्यांना सावलीत निजवून लोकांनी तोंडावर पाणी मारलं. एका बाईने बाहेर येताच जमिनीवर बसकण मारली आणि पदराने लेकराला वारा घालू लागली. बाळी दाराच्या कडेला उभी राहून प्रत्येक चेहरा बघत होती. इतके चेहरे, आणि त्यांत एकही तिच्या माणसाचा नव्हता. तो वेळ तिला सकाळपासूनच्या सगळ्या वेळापेक्षा मोठा वाटला.

अगदी शेवटी मंगेश आला. रुपी त्याच्या खांद्यावर बसली होती आणि तिने त्याचे केस दोन्ही मुठींनी धरले होते.

"वर हवा होती म्हणून हिला वर धरलं," तो म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते. "तू आत जाऊ नको म्हणालीस. मी नव्हतो जात, बाळे."

"माहीत आहे," बाळी म्हणाली. तिने रुपीला खाली उतरवून घेतलं आणि मग कितीतरी वेळ सोडलंच नाही.

"फोटो दिसला नाय," रुपी तिच्या कानात म्हणाली. "नुसत्या लोकांच्या पाठी दिसल्या."

पुढे सगळं ज्याच्या त्याच्या पद्धतीने झालं. जीपमधून एक मोठे पोलीस अधिकारी आले. त्यांनी दार बघितलं, स्टेज बघितलं, अध्यक्षांना बाजूला नेऊन जे काय बोलायचं ते बोलले आणि मग मुलांकडे आले. "आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही चौघांनी फार मोठं काम केलंत." हवालदारांनी बाळीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तेव्हाच यायला पाहिजे होतं, पोरी," ते म्हणाले. पाहुण्यांसाठी आणलेले गुच्छ चौघांच्या हातात आले. कोणी फोटो काढले. वड्यांसाठी आलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आणि प्रदर्शन बंद झालं. अधिकाऱ्यांनी दोन्ही दारांना पोलीस उभे केले.

"साहेब, आम्हाला आत जायचंय," बाळी म्हणाली.

"आता कोणालाच नाही, बाळा. आत सगळं पडलंय."

"उद्या?"

"उद्या ते लोक सामान घेऊन मुंबईला जाणार."

बाळीने हातातल्या गुच्छाकडे बघितलं. मंगेशच बोलला. "तिच्या बापाचा फोटो आहे आत. जिवा झुगरे. सूर्यमाळचे."

दारातच मुंबईच्या संग्रहालयातून प्रदर्शन घेऊन आलेल्या प्रमिलाताई उभ्या होत्या. आतल्या गर्दीत त्याही अडकल्या होत्या, त्यांच्या चष्म्याची एक काच तडकली होती. ते नाव ऐकून त्या वळल्या. त्या अधिकाऱ्यांशी दोन शब्द बोलल्या आणि चौघांना म्हणाल्या, "माझ्यामागून या. काचेवर पाय देऊ नका."

सभागृह आता रिकामं होतं. चपला, रुमाल, पाण्याच्या बाटल्या सगळीकडे पडल्या होत्या. माठांची एक मांडणी कोलमडली होती. प्रमिलाताई त्यांना पार टोकाच्या भिंतीपर्यंत घेऊन गेल्या आणि बाजूला झाल्या.

फोटो माणसापेक्षा मोठा होता. गावच्या बोहाड्याचा, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचा. मशालींच्या उजेडात एक माणूस नरसिंहाचं सोंग घेऊन नाचत होता. एक पाय हवेत होता, कमरेचं वस्त्र गरकन फिरलं होतं. आणि मानेपासून वर नरसिंहाचा मोठा रंगीत मुखवटा होता. माणसाच्या चेहऱ्याचा एवढासाही भाग दिसत नव्हता. खाली लिहिलं होतं, जिवा झुगरे, सूर्यमाळ.

रुपीने मान वर करून तो खालपासून वरपर्यंत बघितला.

"तोंड कुठाय?" शेवटी रुपीने विचारलं.

"आत आहे," बाळी म्हणाली.

प्रमिलाताईंना तेव्हा सगळं कळलं असावं. "त्या वेळचे आणखी फोटो आमच्याकडे असतील का ते मी शोधेन," त्या म्हणाल्या. "पण खोटं सांगत नाही, मला एवढा एकच माहीत आहे. वडील आता…" त्यांनी बाळीकडे बघितलं आणि वाक्य पुरं केलं नाही.

मदीनाने बाळीचा हात धरला. बाळी फोटोसमोर उभी राहिली. नाक, डोळे, तोंड, यांतलं काहीच नव्हतं. मग जे होतं ते ती बघू लागली. हात बघितले. मनगटाची हाडं बघितली. जमिनीवर टेकलेला पाय बघितला, धुळीने माखलेला. त्याचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं आणि जरासं बाहेर वळलेलं होतं. तिने मान खाली घालून रुपीच्या पायाकडे बघितलं. रुपीची चप्पल आतल्या गर्दीतच राहिली होती. बाळी खाली बसली आणि तिने बहिणीचा पाय उचलून त्या पायाच्या शेजारी, फोटोला लावून धरला.

ती तिघं खळ्यावर पोचली तेव्हा दिवस मावळला होता आणि आई भात पाखडत होती. गुच्छ बघून ती म्हणाली, "हे काय?" मंगेशने सगळं सांगितलं, माइकचं, वड्यांचं, स्टेजचं. आई ऐकत होती, पण तिची नजर बाळीवर होती.

"बघितला?" तिने विचारलं.

"बघितला," बाळी म्हणाली. "नरसिंहाचं सोंग आहे, आये. तोंड नाय दिसत."

आईने सूप खाली ठेवलं.

"पण पाय दिसतो," बाळी घाईने म्हणाली. "अंगठ्याजवळचं बोट लांब आहे. असं बाहेर वळलंय. रुपीसारखं."

आईने रुपीला जवळ ओढलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. त्या बोटावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"चांगलं बघितलंस, पोरी," ती म्हणाली. "असंच होतं. त्याला कोणतीच चप्पल बसायची नाय. बाजारातून आणायचा आणि चाकूने पुढं कापून घ्यायचा, आणि मी भांडायची."

ती हसली. मग अंधारात कुठेतरी बघत राहिली, जणू आणखी काही आठवतंय का ते बघत होती. तिन्ही मुलं तिच्याभोवती पेंढ्यावर बसून राहिली. रुपीचा पाय तिने मांडीवरून खाली ठेवला नाही.